रिळांवरचं कुंकू

सदा,

तू गेलास आणि खंडेनवमीचं कुंकू रिळांवर तसंच राहिलं. घरात माणसांची ये-जा होती. सुमनवहिनींना धरून बायका बसल्या होत्या, तुझी लेक मुक्ता पुण्याहून आली होती आणि तिचे डोळे सुजले होते. माठाशेजारच्या कोनाड्याकडं बघायला कुणाला सवड होती? मला मात्र तेवढंच दिसलं. समोर तुझ्या फोटोला हार घातलेला, आणि मी मान वळवून तुझ्या नऊ रिळांकडं बघत बसलेला. प्रत्येकावर एकेक लाल टिळा, तुझ्या बोटानं लावलेला. सवयीनं पहिला विचार आला तो हाच, की अरे, हे अजून पुसलेलं नाही, धातू खाऊन टाकेल. मग लक्षात आलं की हे पुसलं की तुझं बोटही पुसलं जाणार.

तेव्हापासून माझ्या जिवाला हा घोर लागलाय. लोकांना वाटतं मी दुःखात आहे म्हणून गप्प आहे. दुःखात आहेच. पण निम्मा वेळ डोक्यात रिळंच असतात.

दुकानात येणारे अजून विचारतात, सदाभाऊ नेमकं काय गोळा करायचे? मी सांगतो, मासे धरायची जुनी इंग्रजी रिळं. ते हसतात. आपल्या मुलखात टँकरची वाट बघण्यात उन्हाळा जातो, इथं मासे धरायची रिळं, आणि तीही विलायतेची! मग मला समजावून सांगावं लागतं. एक चकरी, तिच्या मधोमध पोलादी खिळा, बस्स. गिअर नाही, कळ नाही. सेंटरपिन म्हणतात. मासा दोरा ओढायला लागला की चकरी त्या खिळ्यावर फिरते आणि माणूस तिच्या कडेला अंगठा टेकवून माशाला थोपवतो. ब्रेक म्हणजे अंगठा. हे तुझंच वाक्य मी तुझ्याच थाटात म्हणतो, आणि म्हणताना माझाही अंगठा हवेत उभा राहतो. साहेब लोक ही रिळं घेऊन इकडं आले आणि जाताना बरीच इथंच टाकून गेले. कुर्डुवाडीच्या छोट्या रेल्वेवरचे साहेब, सोलापूरच्या गिरण्यांवरचे साहेब. त्यांच्या खानसाम्यांच्या, माळ्यांच्या नातवंडांच्या घरी माळ्यावर पडलेली ही रिळं तू एकेक करून हुडकलीस. कुणी त्यावर सुतळी गुंडाळून ठेवलेली, कुणी पोराला खेळायला दिलेलं.

तू पहिल्यांदा माझ्या दुकानात आलास ते आठवतं का? आठवतं का म्हणून कुणाला विचारतोय मी! पण विचारतो. परंड्याच्या स्टँडजवळ माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान नुकतं लागलं होतं आणि तू पाटबंधाऱ्यात बदलून आलेला कारकून. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, काखेत कापडी पिशवी.

"मशीनचं तेल हाय का? पातळ पायजे."

"किती देऊ?"

"एक थेंब."

एक थेंब तेल मागणारं गिऱ्हाईक मी त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. मी म्हटलं, बाटली आणलीय का मावायला? तू हसला नाहीस. पिशवीतून एक काळपट चकरी काढलीस. तिच्यावर पतंगाचा गुलाबी मांजा गुंडाळलेला. कुर्डुवाडीतल्या कुठल्याशा घरात पोरं संक्रांतीला तिची फिरकी करत होती. तू माझ्याच स्टुलावर बसलास, मांजा उलगडलास, चकरी खिळ्यावरून अलगद वर काढलीस, माझंच रॉकेल मागून घेऊन खिळा पुसलास, त्यावर तो थेंब सोडलास आणि चकरी परत बसवून बोटानं टिचकी मारलीस. ती फिरत राहिली. आवाज नाही, थरथर नाही. गिऱ्हाईक उभं होतं, चहा गार झाला, आणि आपण दोघं तिच्याकडं बघत बसलो. ती थांबल्यावर तू म्हणालास, "लई दिसांनी मोकळी झाली बिचारी." मला वाटलं या माणसाचा एक स्क्रू ढिला आहे. अजूनही तसंच वाटतं.

तुळजापूरच्या उपाध्याच्या घरातला तू, मासा कधी जिभेला लावला नाहीस. तरी सीनेच्या धरणावर सकाळी सकाळी माझ्या आधी तू हजर असायचास. मला चिलापी मिळाली की मी पिशवीत टाकायचो. तुझ्या गळाला एखादा रोहू मासा लागला की ते रीळ भर्रकन फिरायला लागायचं, तुझा अंगठा कडेवर टेकायचा, आणि तुझ्या तोंडावर जे दिसायचं ते मी तुला कधी सांगितलं नाही. बायकापोरांत, कचेरीत, देवळात, कुठंही मी तुला तितका सुखात बघितला नाही. मग तू मासा काठाला आणायचास, ओल्या हातानं गळ सोडवायचास आणि त्याला परत पाण्यात द्यायचास. मी बोंबलायचो.

"आरं माझ्या घरी मसाला वाटून ठिवलाय! मला दे की तो!"

"तू तुझं धर."

"मग तू धरतोस कशाला?"

"रीळ फिरावं म्हणून."

रीळ फिरावं म्हणून!

त्यांना जपायचासही असा की वहिनी चिडायच्या. तुझी दोन रिळं अक्रोडाच्या लाकडाची, पाठीला पितळेची फुली. विलायतेच्या दमट हवेत घडलेलं ते लाकूड आपल्या उन्हाळ्यात आकसायचं, तडकायला बघायचं. म्हणून तू कोनाडा निवडलास तो माठाशेजारचा, आणि चैत्र-वैशाखात त्याच्यापुढं ओलं फडकं टांगायचास. वहिनी म्हणायच्या, "घरात माणसांना कूलर न्हाय, रिळांना हाय." पावसाळ्यात तेच लाकूड फुगून चकरी अडकायची. मग तू माझ्याकडं यायचास आणि आपण दोघं पाऊस उघडायची वाट बघत बसायचो, कारण लाकूड घासायला तुझी बंदी. मी एकदा पॉलिशची डबी नुसती उघडली तर तू हातातून हिसकावून घेतलीस. जुन्या धातूचा काळपटपणा हीच त्याची कमाई, ती पुसायची नाही, हा तुझा नियम. तेलाचा थेंब, मऊ कापड, याच्यापुढं हात चालवायचा नाही.

आणि असा माणूस दर खंडेनवमीला त्याच रिळांना कुंकू लावायचा!

यावरून आपण किती भांडलो रे. पाटावर तांबडं कापड, त्यावर ओळीनं रिळं, आणि तू आंघोळ करून, सोवळं नेसून प्रत्येकाला टिळा. लाकडी रिळांना पितळेच्या फुलीवर, बाकीच्यांना थेट अल्युमिनियमवर. मी कळवळून सांगायचो की सदा, हळदीत चुनखडीचं काहीतरी पडल्याशिवाय ती लाल होत नाही, आणि अल्युमिनियमला ते चालत नाही. दमट हवेत राहिलं तर पांढरी पूड धरते, धातूला खड्डा पडतो, मग तो कुणाच्या बापाला भरता येत नाही. तू म्हणायचास, "हत्यार हाय का न्हाय? मग खंडेनवमीला कुंकू लागणारच."

"आरं पण हे साहेबाचं हत्यार हाय."

"आन तुझ्या मशिनी कुठल्या रं? त्यांना लावतूस न्हवं?"

"त्यांच्यावर रंग हाय! खाली लोखंड हाय!"

मग तू अडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसायचास. तुळजापुरात तुमच्या घराकडं देवीच्या पूजेची पाळी होती, ती तू धाकट्या भावाला देऊन नोकरी धरलीस. त्याबद्दल तू कधी बोलला नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. मला आपलं वाटायचं की वर्षातून एक दिवस तू त्या रिळांपुढं बसून ती पाळी करत असावास. चुकतही असेन. विचारायला हवं होतं. आता ते राहिलं ते राहिलंच.

त्यामुळं पुसायचं काम माझ्याकडं आलं. दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला यायचो ते खिशात मऊ फडकं आणि रॉकेलची बाटली घेऊनच. तुला पान दिलं, वहिनींना दिलं, की बैठक मारून एकेक रीळ घ्यायचो. घासावं लागायचं, पण एका दिवसाचं कुंकू, धातूला लागण्याआधी निघायचं. मी पुसत बडबडायचो, तू सुपारी कातरायचास, वहिनी शिरा आणून ठेवायच्या. शेवटचं रीळ पुसून झालं की वहिनी पाट उचलायच्या. आपल्यात दसरा असा संपायचा.

यंदा मी नव्हतो. सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे काय पाऊस झाला तो. बेंबळीला, गावाकडं, आमच्या रानात सोयाबीन पाण्यात उभं होतं आणि थोरला भाऊ एकटा. जरा उघडीप मिळाली तशी मी दुकान बंद करून गेलो. नवमीच्या आदल्या दिवशी तुझा फोन आला. मी चिखलात उभा होतो.

"बापू, दसऱ्याला येतूस न्हवं?"

"कुठला येतूय. उघडीप हाय तवर काढून घ्यावं म्हणतूय."

"मग रिळं?"

"तू पूस की. हात मोडल्यात का तुझं?"

"तुझ्यासारखं न्हाय जमत. दाबून पुसलं की ओरखडं पडत्यात."

"मग लावूच नगं यंदा. आन लावायचंच असलं तर खाली मेण तरी लाव. बायका लावत्यात न्हवं कपाळाला, तसं. धातू वाचंल. किती वर्सं सांगतूय!"

"रीळ काय बाई हाय का मेण लावून कुंकू लावायला?"

"मग खाऊ दे धातू. माझं काय जातंय?"

आणि मी फोन ठेवला. आपण दोघांनी बोललेलं ते शेवटचं. तसं बोलल्याचं मला वाईट वाटत नाही, आपण जन्मभर असंच बोललो. पण त्या वाक्यानंतर दोन दिवसांनी तू परत फोन करायचास, काहीच घडलं नाही असा, आणि विचारायचास की काय रं, सोयाबीन निघालं का. तो फोन आला नाही. मी रानात, मग पावसानं परत अडकलो, आणि एका सकाळी आला तो मुक्ताचा फोन. छातीत दुखायला लागलं म्हणून तुला बार्शीला नेत होते. दवाखाना यायच्या आत सगळं संपलं होतं. मी बेंबळीहून पोचलो तेव्हा तुला अंगणात ठेवलं होतं. सदा, तुझा अंगठा बघवला नाही मला.

माणसं पांगल्यावर मुक्तानं मला बाजूला घेतलं. पोर समजूतदार आहे, तिला बोल लावू नकोस. तिनं पुण्यात एक गृहस्थ हुडकलेत, स्वतः अशी रिळं जमवणारे, सांभाळणारे. वहिनींना ती आता पुण्याला नेणार. परंड्याचं घर बंद राहणार, आणि बंद घरात लाकडी रीळ एक उन्हाळा टिकायचं नाही हे तुझ्या लेकीला कळतं. ती म्हणाली, "काका, ते एकदम नीट ठेवतील. फक्त त्यांनी सांगितलंय की ते लाल डाग लवकर काढून घ्या, नाहीतर मेटल खराब होईल. तुम्हीच काढाल ना?"

बघ. जे मी तुला इतकी वर्षं सांगत होतो तेच त्या अनोळखी माणसानं फोनवरून सांगितलं. मला आनंद व्हायला हवा होता.

वहिनी दारात उभ्या होत्या, आम्हाला दिसल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "डाग म्हणू नगं गं त्याला. त्यांचं बोट हाय ते. फोटो हाय घरात, पर फोटूला हात लावला तर काच लागती." मुक्ता तिथंच खाली बसली आणि आईच्या पायाला मिठी मारून रडली. मी चप्पल घालून बाहेर पडलो.

त्यानंतर किती तरी वेळा तुमच्या घरी गेलो. दर वेळी खिशात फडकं. दर वेळी चहा घेऊन परत. हात कोनाड्याकडं जायचा आणि तिथून नुसता माठातलं पाणी घेऊन यायचा. घरी आलो की वाटायचं, आपण तुझ्या जिवापाडच्या वस्तू डोळ्यांदेखत सडू देतोय, आपल्याला मिस्तरी कोण म्हणेल? परत गेलो की वाटायचं, माणूस जाळून आलो, आता त्याचं बोटही आपल्याच हातानं घालवायचं का? तू असतास तर सुपारी कातरत बसला असतास. तुझा काही उपयोग नाही.

काल दुपारी वहिनींनीच विषय काढला. सामान बांधायला घेतलं होतं. भांडी पोत्यात भरलेली, देव एका डब्यात. मी कोपऱ्यात बसलो होतो.

"भावजी, फडकं हाय न्हवं खिशात?"

माझा हात खिशावर गेला.

"पुसा. तुमी पुसल्याबिगर ह्या घरातला दसरा सरंना. लोकांची दिवाळी तोंडावर आली, माझ्या घरात अजून दसराच हाय. मला उठू द्या आता हितनं."

त्यांनी स्वतः पाट मांडला आणि कोनाड्यातली रिळं त्यावर ओळीनं ठेवली. मी बैठक मारली.

आता तुला खरं सांगतो, सदा. रीळ हातात घेताना मला मनातून वाटत होतं की धातू खाल्ला गेलेला असावा. इतके दिवस कुंकू राहिलं, हवा अशी ओली, खड्डा पडल्याशिवाय कसा राहील? तुझ्या बोटाएवढा, गोल, कुणाला भरता न येणारा. मग कुंकू गेलं तरी चालेल. रिळं पुण्याला जावोत, आणखी कुठंही जावोत, तू त्यांच्यावर राहशील. जे होऊ नये म्हणून तुझ्याशी जन्मभर भांडलो तेच व्हावं म्हणून मी हात जोडायचे बाकी ठेवले होते.

पहिल्या रिळावरून फडकं फिरवलं. रॉकेल लावायचं होतं अजून, नुसतं कोरडं फडकं. कुंकू एका हातात निघून आलं. घासावंच लागलं नाही. खाली धातू जसा होता तसा, काळपट, गुळगुळीत. मी ते खिडकीशी नेलं, उजेडात तिरपं धरलं, नख फिरवलं. काही नाही. फडक्याला मात्र चिकट लागलं. दुसरं घेतलं, तसंच. तिसरं तसंच. मी नऊच्या नऊ रिळं पुसली, सदा, आणि कशावरही सुईच्या टोकाएवढी खूण नाही.

मी वहिनींकडं बघितलं. त्या पाट उचलायला वाकल्या होत्या.

"खाली मेण लावलं हुतं त्यांनी," त्या म्हणाल्या. "माझी मेणाची डबी मागून घेतली. म्हणले, बापू न्हाय यंदा, पुसायला उशीर हुईल. आन मला म्हणले, त्याला सांगू नगंस, डोक्यावर बसंल. सगळी डबी संपवली बघा. म्हणलं तुळजापुरातनं दुसरी आणू." मग पाट उचलत म्हणाल्या, "आता मला कशाला लागतीय."

पाट आत गेला. मी रिळं मऊ कापडात गुंडाळली, खोक्यात भरली. परवा मुक्ता घेऊन जाईल. चांगल्या घरी जातायत, नीट राहतील, तुला काळजी नको. माझं काम मी चोख केलंय. तुझं नख, बोट, टिळा, काहीही त्यांच्यासोबत जाणार नाही, आणि ते माझ्याच सांगण्यावरून.

रागावलोय मी तुझ्यावर. फडकं अजून धुतलेलं नाही, दुकानात मशीनवर तसंच पडलंय, त्याच्याकडं बघून हे लिहितोय. गिऱ्हाईक आलं तर आज दुकान बंद म्हणून सांगतो. इतकी वर्षं घसा फोडून सांगत होतो, एकदा तरी ऐकलंस का माझं? आणि ऐकायला तुला नेमकं हेच वर्ष सापडलं?